चाखली. कडवट. परत.

धडगाव,
४ डिसेंबर २०२४

हेमांगी,

तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. म्हणून हे पत्र जालमसिंगच्या हाती देतेय. आपल्या पिकअपमधून तेलाचे डबे येतात, मिठाची पोती येतात, तसं एक पत्रही जाईल. तुझ्या टेबलावर ठेवून तू उघडेपर्यंत तिथेच उभं राहायचं, असं त्याला बजावलंय. तो म्हणाला, "म्हणजे मी टपालवाला पण आणि पोलीस पण."

काल तुळशीबाईंच्या भगरीची दोन्ही पोती परत आली. बरोबर वहीतल्या पानाची नक्कल होती. २६ नोव्हेंबर. "चाखली. कडवट. परत." खाली तुझी सही आणि चार बायांच्या सह्या.

तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहिते, कारण काल मला ते भिंतीवर पुन्हा वाचावं लागलं. रूपचंदभाऊंनी आपलं ग्राहक भांडार काढलं तेव्हा चारही दुकानांत एकच वाक्य रंगवून घेतलं होतं: 'ज्याने खाल्लं नाही, त्याने बोलू नये.' नवा माल आला की पाच सभासद बायांनी दुकानातच बसायचं, तिथेच शिजवायचं, खायचं आणि मगच वहीत लिहायचं. तुमच्याकडचं बेसन, तूरडाळ आम्ही इथे खाऊन घेतो. आमचं आमचूर, भगर तुम्ही तिथे खाऊन घेता. ही एवढी एक गोष्ट सोडली तर आपल्यात आणि बाजारातल्या कुठल्याही दुकानात काय फरक आहे?

मी पोतं उसवलं. शेरभर दाणे उखळात कांडून घेतले, शिजवले. आम्ही पाच जणी बसलो. हेमे, गोड होती. नुसती मिठावर गोड लागत होती.

तुळशीबाई तुला आठवतच असतील. काठीच्या अलीकडच्या पाड्यातल्या. त्या दिवशी त्या स्वतः पिकअपमध्ये बसून शहाद्याला आल्या होत्या, साठ वर्षांत पहिल्यांदा. ही भगर त्यांच्या आईच्या घरची, इतरांपेक्षा वीस दिवस आधी पिकते. यंदा ती पाहून पाड्यातल्या अकराही घरांनी जूनसाठी त्यांच्याकडे बियाणं मागितलंय. म्हणून विचारते, कडवट म्हणजे कशी कडवट? चौघींना लागली की सगळ्यांना? माणूस जूनमध्ये काय पेरायचं ते तुझ्या त्या तीन शब्दांवर ठरवणार आहे.

प्रिस्किला


शहादा,
१२ डिसेंबर २०२४

प्रिसे,

तुझा टपालवाला खरंच उभा राहिला. शेवटी त्याला चहा पाजून बाहेर बसवलं.

फोनचं मनावर घेऊ नकोस. इथे श्वास घ्यायला सवड नाही. मिरचीचा हंगाम आहे, गिरणीसमोर रांग लागलीय, दुकानात आलं की शिंका आणि घरी गेलं की डोळ्यांत आग. म्हसावदच्या दुकानाचं शटर अडकलंय. पुरुषोत्तमनगरच्या बाया म्हणतात, कारखान्याच्या गेटजवळ नवं मोठं दुकान झालंय, तिथे गारेगार हवा असते, तुमच्याकडे पंखासुद्धा कुरकुरतो. गल्ल्यावरच्या कामिनीने त्यांना सांगितलं, "तठे हवा खा, अठे डाळ खा." हसले सगळे, पण त्या पुन्हा आल्या नाहीत.

भगरीचं म्हणशील तर पाच जणी रीतसर बसल्या होत्या. कडवट लागली. कधी पोत्याला ओल लागते, कधी कडुनिंबाचा पाला जास्त पडतो. वरचं पोतं चांगलं आणि खालचं वाईट असंही होतं. त्या बाईचा दोष आहे असं कोणी म्हटलेलं नाही. पुढच्या वर्षी आणू दे, बघू.

नंदुरबारच्या हॉस्टेलमध्ये तू एका डाळीच्या खड्यावरून मेसवाल्याशी आठवडाभर भांडली होतीस. तशीच आहेस अजून. हे एवढं सोडून दे.

पुतणी दिपालीच्या लग्नाची पत्रिका पाठवते. ये.

हेमांगी


धडगाव,
२० जानेवारी २०२५

हेमांगी,

लग्नाला येता आलं नाही, दुकान सोडून निघणं जमलं नाही. दिपालीला माझा आशीर्वाद.

तुळशीबाई काल आल्या होत्या. मी मुद्दाम तुझ्यासमोर असल्यासारखं विचारलं, "मावशी, भगर कडू आहे?" म्हणाल्या, "कडूच." मी म्हटलं, "मी खाल्ली, पाच जणींनी खाल्ली, गोड आहे." त्या मिठाच्या पोत्याकडे बघत राहिल्या. मला राग आला. दुकानात सात-आठ माणसं होती, त्यांच्यासमोर मी थोडी शिजवलेली भगर आणून त्यांच्या हातावर ठेवली. "खा आणि सांगा." त्यांनी खाल्ली. "कडू," म्हणाल्या, आणि मीठ घेऊन गेल्या.

नंतर कळलं, पाड्यात त्यांनीच सांगितलंय: शहाद्याच्या बायांनी खाऊन बघितली, बियाणं कडू निघालं, कोणी पेरू नका. दोन्ही पोती मोलगीच्या व्यापाऱ्याला दिली.

माणसाला स्वतःच्या जिभेपेक्षा वहीवर एवढा विश्वास कसा, ते मला कळत नाही.

आणखी एक. काल कॅलेंडर चाळत होते. २६ नोव्हेंबरला एकादशी होती. मला वाटलं, बरं झालं, त्या दिवशी सगळ्यांनी आवडीने भगर खाल्ली असेल. मग वाटलं, सरळ विचारावं. हेमे, तू स्वतः खाल्लीस का?

प्रिस्किला


शहादा,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिस्किला,

सरळ विचारलंस, सरळ सांगते. त्या दिवशी माझा उपास होता. म्हणून मी खाल्ली नाही. बाकीच्यांनी सांगितलं तसं लिहिलं. व्यवस्थापक म्हणून सही करावी लागते, ती केली.

आता हा विषय पुरे.

हेमांगी


धडगाव,
८ फेब्रुवारी २०२५

हेमांगी,

उपासाला भगर चालत नाही, हे मला या वयात नव्याने कळलं. आम्ही नवापूरकडचे ख्रिस्ती, आमच्या घरी एकादशी नाही, त्यामुळे माझं चुकत असेल. पण नऊ वर्षं दर आषाढीच्या आणि महाशिवरात्रीच्या आधी फोन करून, "प्रिसे, भगर लवकर पाठव, बाया दुकान डोक्यावर घेताहेत," असं कोण ओरडायचं?

खोटं बोलायचंच होतं तर दुसऱ्या कुठल्या धान्याबद्दल बोलायचं होतंस.

प्रिस्किला


धडगाव,
१७ मार्च २०२५

हेमांगी,

तुझं उत्तर नाही. जालमसिंग पाच वेळा रिकाम्या हाताने आला. "बाई माझ्याकडे बघतच नाहीत," म्हणतो.

मी रागाने लिहीत नाही. एक सांगायचं राहिलंय म्हणून लिहितेय.

होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजाराला तुळशीबाई, त्यांची मोठी सून आणि धाकटी निशा अशा तिघी आल्या होत्या. धडगावात पाय ठेवायला जागा नव्हती, ढोल वाजत होते. निशा मला ओढून कोपऱ्यात घेऊन गेली. ती आठवीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेली, मराठी चांगलं बोलते. म्हणाली, "बाई, सासूने कणगीतलं सगळं बियाणं कोंबड्यांना घातलं. आम्ही दोघी अडवत होतो. म्हणाली, कडू बियाणं घरात ठेवलं तर कोणीतरी पेरेल."

आईच्या घरचं बियाणं, हेमे. लग्नात पदराला बांधून आणलेलं. आता ते कुठेच नाही. जूनमध्ये त्या दुसऱ्या कोणाकडून तरी मागून आणणार. ज्यांनी त्यांच्याकडे मागितलं होतं, त्यांच्याचकडून.

त्या दिवशी तिथे काय झालं ते मला सांग. मला नाही तर निदान स्वतःला तरी सांग.

प्रिस्किला


शहादा,
२५ मार्च २०२५

प्रिसे,

तुझं पत्र आठ दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय. कोंबड्यांपर्यंत वाचते आणि घडी घालते.

सांगते.

पाच जणींत त्या दिवशी माझ्या सासूबाई होत्या. पाळी त्यांची होती, मी मुद्दाम घेतलं नव्हतं. कामिनी होती, आणखी दोघी होत्या. एकादशी आहे हे तुळशीबाईला मीच आधी कळवलं होतं, म्हणजे हळद-कांदा घालायचा नाही. तिने जिरं आणि मीठ एवढंच घातलं. स्वतः शिजवते म्हणाली, मला बरं वाटलं. आणि प्रिसे, ती येताना मातीचं कोरं मडकं घेऊन आली होती. फडक्यात बांधून, मांडीवर ठेवून, घाटातून एवढ्या लांब. का आणलं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

पाच ताटं वाढली तिने. हात धुऊन, पदर खोचून. ताट समोर आलं तशा सासूबाई उठल्या. म्हणाल्या, "आज मन्हा उपास शे." एवढंच. आवाजही चढवला नाही. तू म्हणतेस तेच, उपासाला तर भगर खातात. ते तिथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत होतं. भगरीला त्यांची ना नव्हती, ती कोणाच्या हातची होती त्याला होती. त्या उठल्या तशा त्या दोघी उठल्या. कामिनीने माझ्याकडे बघितलं.

मी बसून होते. माझा हात ताटापर्यंत गेला होता. बोटांना वाफ लागत होती. सासूबाई दारात उभ्या राहून चपला शोधत होत्या, आणि चपला त्यांच्या समोरच होत्या. त्या माझी वाट बघत होत्या. मी हात मागे घेतला.

मग वही होती. 'खाल्ली नाही' असं लिहिलं असतं तर का ते लिहावं लागलं असतं. भिंतीवर रूपचंदभाऊंचं वाक्य. मी 'कडवट' लिहिलं. सगळ्यात सोपा शब्द होता. चौघींनी न वाचता सह्या केल्या. तुळशीबाईने विचारलं, "काय लिखं?" मी म्हटलं, "थोडी कडवट आहे म्हणतात, मावशी." तिने मान हलवली. पाचही ताटांतली भगर परत मडक्यात भरली आणि मडकं घेऊन गेली.

सासूबाईंना मी दोष देत नाही. त्या म्हाताऱ्या आहेत, त्या जे मानतात ते उघड करून निघून गेल्या. मी तर दर पंधरा ऑगस्टला त्या वाक्याखाली उभी राहून भाषण करते.

आता ऐक. प्रत्येक मालातला शेरभर नमुना आपण वर्षभर बरणीत ठेवतो ना, तक्रार आली तर पाहायला? तिच्या पोत्यातलाही ठेवलाय, सालासकट. काल मी फडताळ उघडून बघितलं. आहे. वर माझ्याच अक्षरात चिठ्ठी आहे. शेरभर दाण्यांत एक पट्टा पेरून होईल.

मी ती बरणी घेऊन येते आणि सांगते. पण एकटीला सांगू की पाड्यासमोर? तू सांग.

हेमांगी


धडगाव,
१ एप्रिल २०२५

हेमांगी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. काय वाटलं ते लिहीत नाही, तू ते आधीच स्वतःला लिहिलंयस.

एकटीला सांगून चालणार नाही. कडू म्हणून अकरा घरांना कळलंय, तर गोड म्हणूनही अकरा घरांसमोरच सांगायला हवं. नाहीतर त्यांनाच वाटेल की आपण समजूत घालतोय. सगळ्यांना बोलाव, सगळं सांग.

ईस्टरला मी नवापूरला असेन. २३ तारखेनंतर ये, मी सोबत येते.

प्रिस्किला


शहादा,
२२ एप्रिल २०२५

प्रिसे,

तुझ्या येण्याची वाट बघितली असती तर माझं धाडस संपलं असतं. मी १९ तारखेला जाऊन आले. जालमसिंग सोबत होता. त्याचं गाव जवळच आहे, बोली त्याची, म्हणून भाषांतरही त्यानेच केलं.

तुळशीबाईंच्या अंगणात सगळे जमले होते. बाया, बापे, म्हातारे. कोणी खाट आणली. मी बसले नाही. मी सगळं सांगितलं, जसं तुला लिहिलं तसं. भगर गोड होती, आम्ही खाल्लीच नाही, का खाल्ली नाही. ते 'का' आलं तिथे जालमसिंग थांबला. म्हणाला, "बाई, हे सांगू?" मी म्हटलं, "सांग." त्याने सांगितलं, माझ्याकडे न बघता.

मला वाटलं, माझ्या छातीवरचा दगड उतरला. खरं सांगते, मला हलकं वाटलं. तेवढ्यात मोठी सून सासूकडे वळून काहीतरी बोलली. मी विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, "ती म्हणते, मग तू कोंबड्यांना का घातलंस? तुला तर माहीत होतं."

तेव्हा मी पहिल्यांदा तुळशीबाईंच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती. माझी नाही, प्रिसे. त्यांची मान खाली होती. स्वतःच्या सुनांसमोर.

मी घाईने बरणी पुढे केली. निशाने घेतली. तिने वरची चिठ्ठी मोठ्याने वाचली: "कडवट." ती काढायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

निघताना तुळशीबाई पिकअपपर्यंत आल्या. जालमसिंगला त्यांनी हाताने लांब उभं राहायला सांगितलं आणि माझ्याशी बाजारातली मोडकी अहिराणी बोलल्या. "मी देखं. तुन्हा हात ताटपर्यंत उना व्हता." मी रडायला लागले. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, परत येताना वाटेतच ठरवलं, घरी काय सांगायचं. भगर कडू निघाली असं सांगितलं तर भगरीची बदनामी होईल. शहाद्याच्या बायांनी आपल्या हातचं खाल्लं नाही असं सांगितलं तर सुना पुन्हा कधी खाली उतरणार नाहीत, आणि माझ्याकडे बघतील तेव्हा तेच बघतील. "कडू सांगं. ते सोपं व्हतं."

एकदा कडू सांगितल्यावर बियाणं घरात कसं ठेवणार?

प्रिसे, माझं खोटं त्यांनी पाच महिने सांभाळलं. त्यासाठी आईच्या घरचं बियाणं दिलं. आणि मी पिकअपने धूळ उडवत गेले आणि अकरा घरांसमोर ते त्यांच्याकडून काढून घेतलं. मला हलकं वाटावं म्हणून.

हेमांगी


धडगाव,
६ मे २०२५

हेमांगी,

"सगळ्यांसमोर सांग" असं लिहिणारा हात माझा आहे. आणि जानेवारीत भरल्या दुकानात त्यांच्या हातावर भगर ठेवून "खा आणि सांगा" म्हणणारीही मीच. त्यांनी ती गोड भगर चावून कडू म्हटलं, आणि मी तुला लिहिलं की यांना स्वतःच्या जिभेवर विश्वास नाही. आपण दोघी शिकलेल्या. आपण दोघींनी त्यांना आळीपाळीने उभं केलं.

त्या दुकानात येत नाहीत. मिठाला निशा येते. मी काही विचारत नाही.

प्रिस्किला


धडगाव,
२९ जून २०२५

हेमांगी,

दोन ओळी. निशा आली होती. बरणीतलं बियाणं तुळशीबाईंनी पेरलं. घरामागचा पट्टा, एकट्यांनीच, सुनांना हात लावू दिला नाही. कोंबड्या महिनाभर झाकून ठेवल्यात.

बरणी धुऊन परत पाठवतेय. चिठ्ठी त्यावर नाही.

प्रिस्किला


धडगाव,
२४ ऑक्टोबर २०२५

हेमांगी,

तुळशीबाई स्वतः आल्या. सकाळी पहिल्या जीपने. पट्ट्यातलं बियाणं अकरा घरांना ओंजळ-ओंजळ वाटून झालं, म्हणाल्या. एक लहान पिशवी शहाद्यासाठी ठेवलीय.

निरोप असा आहे, त्यांच्याच शब्दांत लिहिते: "पुढची एकादशी कधी ते हेमांगीबाईला विचार. त्या दिवशी मी येते. शिजवायची तिने. खायची मी."

मी विचारलं, "मावशी, एकादशीच का?" त्या हसल्या नाहीत.

१५ नोव्हेंबरला एकादशी आहे. मी त्यांना सांगून टाकलंय.

प्रिस्किला


शहादा,
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिसे,

जालमसिंगने तुला अर्धं सांगितलं असेल, तिखटमीठ लावून. उरलेलं मी लिहिते.

आधी मला वाटलं, कोरं मडकं आणावं. बाजारापर्यंत गेले आणि लाज वाटून परत आले. मग घरातलं एकादशीचं पितळी पातेलं काढलं, ज्यात सासूबाई वर्षानुवर्षं भगर करतात. त्यांनी मला ते नेताना बघितलं. "कव्हय आणशी?" परत कधी आणशील, एवढंच विचारलं. त्यांना मी बसायला बोलावलं होतं, त्यांचे गुडघे दुखत होते. ते पातेलं आज तिसरा दिवस ओसरीवर पडलंय. आत कोणी नेलेलं नाही. आज संध्याकाळी मी नेणार आहे, चुलीजवळ, त्याच्या जागेवर. काय होईल ते पुढच्या पत्रात कळवायला मला आवडणार नाही, पण कळवीन.

तर दुकानात. कामिनी होती, त्या दिवशीच्या दोघींपैकी एक आली, एक आली नाही. तुळशीबाई मधोमध पाटावर बसल्या, भिंतीला पाठ टेकून, बरोबर रूपचंदभाऊंच्या वाक्याखाली. निशा शेजारी. दुकानात गिऱ्हाईक होतं, गिरणी चालू होती. मी वाढलं. दोन शितं पाटावर पडली.

तुळशीबाईंचा हात ताटापर्यंत गेला आणि थांबला. त्यांनी हात मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"आज मन्हा उपास शे."

प्रिसे, मी पळी धरून उभी होते. मला वाटलं, उठतील. उठल्या असत्या तर मी काय म्हणणार होते? कामिनीने खाली बघितलं. ती दुसरी बाई रडायच्या बेतात होती. गिऱ्हाइकांना काही कळलं नाही, त्यांचं साखरेचं चाललं होतं. भगरीवरची वाफ गेली एवढं मी बघितलं.

मग त्यांनी दाराकडे तोंड केलं. "जालम्या, उपासले भगर चालस का रे?"

जालमसिंग पोतं उतरवत होता. म्हणाला, "चालस ना, आजी. उपासलेच ते खातस."

"मंग ठीक," म्हणाल्या आणि जेवल्या. सावकाश, ताट पुसून. घाई त्यांना नव्हती, आम्हालाच होती. निशाही जेवली. मग हात धुतले आणि मला म्हणाल्या, "वही आण. लिख."

मी वही आणली. गेल्या वर्षीचं पान उलटताना त्या बघत होत्या. मी विचारलं, "काय लिहू, मावशी?"

"मीठ कमी."

मी तेच लिहिलं. तारीख घातली. खाली त्यांनी अंगठा दिला, निशाने सही केली. मग मी खाली बसले, त्यांच्या शेजारी, आणि पातेल्यात उरलेली ताटात घेऊन खाल्ली.

मीठ खरंच कमी होतं.

हेमांगी